सतरा अंकी संख्या आणि आमचा नववीचा वर्ग

शाळेने मला काय दिलं, असं कुणी विचारलं तर मी आधी एक संख्या सांगतो: १२३४५६७८९८७६५४३२१. नऊ वेळा १ लिहून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग. आमच्या पाठ्यपुस्तकात ती नव्हती. गणिताच्या बाईंनी एका ऑफ तासाला ती फळ्यावर लिहिली आणि नंतरचे कितीतरी ऑफ तास तिच्यातच गेले.

आधी बाईंनी अख्खा गुणाकार मांडला. प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकते, म्हणून उभ्या बेरजेत आधी एक १, मग दोन, मग तीन, मध्ये नऊ आणि पुन्हा उतरत एक. कुठेच हातचा येत नाही. सगळी नक्षी त्यावरच उभी आहे. नऊऐवजी दहा वेळा १ लिहिला की मधली बेरीज १० होते, हातचा पुढे ढकलला जातो आणि उत्तर येतं १२३४५६७९००९८७६५४३२१. त्यातला डावीकडचा ८ गेलेला! मला हे दुसरं उत्तर आजही जास्त आवडतं, कारण नक्षी नेमकी कशाने मोडली ते त्यात दिसतं.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव देणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर देवळालीला शाळेत शिकवत. शाळामास्तर संशोधन करतो, हे ऐकून आम्ही बाईंकडेही वेगळ्या नजरेने पाहू लागलो. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या ‘हर्षद’ संख्याही कापरेकरांच्याच. आमच्या संख्येतल्या अंकांची बेरीज ८१, आणि ८१ ने तिला नि:शेष भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९ चा वर्ग.

खरी मजा अवयव पाडताना आली. नऊ एकांची संख्या म्हणजे ९ × ३७ × ३३३६६७. आता ३३३६६७ मूळ आहे का? तिचं वर्गमूळ ५७७ च्या जरा पुढे, म्हणजे ५७७ पर्यंतच्या १०६ मूळ संख्यांनी भागून पाहायचं. बाईंनी त्या बाकांवर वाटून दिल्या. माझ्या वाट्याला ५४१ आली. बाकी उरली ४११. एकेक जण उठून ‘भाग जात नाही’ म्हणत होता आणि वर्ग श्वास रोखून ऐकत होता. शेवटचा मुलगा बसला तेव्हा ३३३६६७ मूळ ठरली होती, आमच्या हातांनी.

मग विभाजक मोजणं सोपं. आमची संख्या वर्ग असल्याने तिच्यात ३ चा घात ४, ३७ चा २, ३३३६६७ चा २; प्रत्येक घातात १ मिळवून गुणायचं, म्हणून ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. पूर्ण वर्ग असल्याने ही गणती विषम येणारच.

आताच्या नववीसाठी एक सांगतो. एकोणीस एकांची संख्या मूळ आहे. तिच्या वर्गाला विभाजक किती, ते तोंडी सांगता येईल. पण त्या वर्गातले अंक मात्र हातचे सांभाळत कागदावरच काढून पाहा.