धुक्याची वाट पाहणारी बाग

आमच्या निफाडकडे द्राक्षबागेत धुकं उतरलं की घरातल्या कुणाला घास गोड लागत नाही. डावणी हा बुरशीचा रोग येणार, घड कुजणार, पहाटेच ट्रॅक्टर काढून फवारणीला लागायचं. अशा घरात वाढलेला मी, वाइन शिकायला फ्रान्सला गेलो आणि ऑक्टोबरात ल्वार खोऱ्यातल्या लेयाँ नदीकाठी, आँजे शहराच्या दक्षिणेला, एका बागेत तोडणीला लागलो. पहिल्याच सकाळी पुढची ओळ दिसेना इतकं धुकं होतं आणि मालकीणबाई खुशीत होत्या.

द्राक्ष ओळखीचं होतं, नाशिकलाही लावतात ते शेनिन ब्लाँ. तासाभरात माझी बादली भरली. पिवळेधमक, टपोरे, डाग नसलेले घड. बाईंनी बादलीत पाहिलं आणि काही न बोलता मला मागच्या वेलीकडे नेलं. मी सोडून दिलेला घड तिथे होता: मणी तपकिरी-जांभळे, सुरकुतलेले, वर राखेसारखी बुरशी. "खा," म्हणाल्या. घरी मी असे मणी कात्रीने काढून बांधावर टाकत आलोय. कसाबसा एक चावला. मध, जर्दाळू आणि पाठोपाठ लिंबासारखा चरचरीत आंबटपणा!

ही बुरशी म्हणजे बोट्रायटिस. सकाळच्या धुक्यात ती वाढते, सालीला सूक्ष्म छिद्रं पाडते. दुपारच्या उन्हावाऱ्यात मण्यातलं पाणी उडतं, साखर आणि आम्ल घट्ट होतं आणि त्यातूनच इथली गोड वाइन बनते. दुपारी ऊन पडलं नाही, तर मात्र नुसती घडकूज. म्हणून प्रत्येक घड नाकाशी धरायचा, व्हिनेगरचा वास आला तर फेकायचा. चांगले टपोरे घड वेलीवरच ठेवायचे, पुढच्या फेरीसाठी. एकाच ओळीतून तीन-चार वेळा जावं लागतं, तेही हातानेच. शेजारच्या कार द शोम या गोड वाइनच्या पट्ट्याला 2011 मध्ये ग्राँ क्रूचा, म्हणजे सर्वात वरचा, दर्जा मिळाला. तिथे हेक्टरी फार तर 2000 लिटर वाइन काढता येते. आमच्याकडचा बागायतदार हा आकडा ऐकून कपाळाला हात लावेल.

दुपारी बाईंनी जुनी बाटली उघडली आणि सोबत फुर्म दाँबेर, निळ्या बुरशीचं खारट चीज दिलं. खारटाने वाइनचा गोडवा खुलला आणि आम्लाने चीजचा तुपकटपणा धुऊन टाकला. इतका नेमका मेळ मी आजवर चाखला नव्हता. नंतर सफरचंदाचा टार्ट आला, बेताच्या गोडीचा. मी हौसेने आईने दिलेली चिक्की काढली, तिच्यावर घोट घेतला, तर तीच वाइन आंबट आणि पाणचट लागली. पदार्थ वाइनपेक्षा कमी गोड हवा, हे बाईंनी तेव्हा सांगितलं.

रात्री दादांना त्या घडाचा फोटो पाठवला. फोनवर बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "आणि फवारणी कशाची करतात?"

"या दिवसांत कशाचीच नाही, दादा. धुक्याची वाट बघतात."

"परत सांग," म्हणाले.