सगळ्यांना माहीत आहे, मग लिहीत का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. प्रश्न दर वेळी थोड्याफार फरकाने हाच असतो: "अहो, त्या माणसाने काय काय केलंय ते सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही विकिपीडियावर बसून त्याच्या पानावरून ते पुसत का असता? भक्त आहात की काय त्याच्या?"

भक्त नाही. उलट ज्या वादग्रस्त, हयात माणसांची पानं माझ्या पहाऱ्याच्या यादीत आहेत, त्यांतल्या एकाच्याही शेजारी बसून मी लांबचा प्रवास करणार नाही. ती पानं मी त्याचसाठी घेतली. आवडत्या माणसाबद्दल लिहिताना माझा हात सैल सुटतो. नावडत्याबद्दल लिहिताना निदान स्वतःकडे संशयाने बघायची सवय लागते.

राहिलं "सगळ्यांना माहीत आहे". जॉन सायगेन्थालर हे अमेरिकेतले ज्येष्ठ पत्रकार, एकेकाळी रॉबर्ट केनेडींचे सहायक. मे २००५ मध्ये कुणीतरी निनावी माणसाने इंग्रजी विकिपीडियावर त्यांचं पान उघडलं आणि लिहिलं, की दोन्ही केनेडी बंधूंच्या हत्येत यांचा थेट हात असल्याचं काही काळ मानलं जात होतं. पुढे शेपूटही जोडलं: काहीही सिद्ध झालं नाही. सगळंच खोटं, एका सहकाऱ्याची गंमत करायला रचलेलं. पान चार महिने तसंच राहिलं. "आम्ही नुसता आरोप म्हटलंय, सिद्ध झालं असं कुठे म्हटलं?" असं मला कुणी ऐकवलं की ते शेपूट आठवतं.

सायगेन्थालर तेव्हा ७८ वर्षांचे होते. नोव्हेंबरात त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून हे सगळं चव्हाट्यावर मांडलं. डिसेंबरात इंग्रजी विकिपीडियाने नोंदणी न केलेल्यांना नवे लेख सुरू करण्याची मुभा काढून घेतली, आणि हयात व्यक्तींच्या चरित्रांसाठी वेगळं धोरण आलं ते त्याच महिन्यात. हयात माणसाबद्दल वादग्रस्त मजकूर असेल आणि त्याला संदर्भ नसेल किंवा असलेला तकलादू असेल, तर आधी काढायचा, मग चर्चा पानावर वाद घालायचा. एरवी चोवीस तासांत एका पानावर तीनपेक्षा जास्त वेळा दुसऱ्याचं संपादन उलटवलं तर प्रचालक, म्हणजे जादा अधिकार असलेले सदस्य, बंदी घालू शकतात. अशा मजकुराच्या बाबतीत त्यातूनही सूट आहे. मी पुसत बसते ते या नियमाच्या जोरावर.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं, कारण त्यात दोन्ही बाजू आहेत. फेब्रुवारी २००९ मध्ये कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग जर्मनीचे अर्थमंत्री झाले. उमराव घराण्यातले, त्यामुळे नाव मारुतीच्या शेपटासारखं. त्यांच्या पानावर कुणीतरी त्या नावात एक जास्तीचं 'विल्हेल्म' घुसडलं. पत्रकारांनी ते विकिपीडियावरून उचललं आणि छापलं. मग पानावर शंका निघाली, तेव्हा संदर्भ म्हणून तीच छापील बातमी पुढे आली! म्हणजे आपणच बोललो, आपलाच प्रतिध्वनी ऐकला आणि म्हणालो, बघा, दुजोरा मिळाला. पुढे २०११ मध्ये याच गुटेनबर्गांच्या प्रबंधात उचलेगिरी सापडली, विद्यापीठाने डॉक्टरेट काढून घेतली, त्यांनी मंत्रिपद सोडलं. ते मात्र पानावर असायलाच हवं, त्यांच्या चाहत्यांना कितीही झोंबलं तरी. विद्यापीठाचा निर्णय आहे, स्वतंत्रपणे पडताळून लिहिणारी अनेक वृत्तपत्रं आहेत. नियम मऊ वागायला सांगत नाही.

माझी स्वतःची फजितीही सांगते. एका माणसाच्या पानावर मी अफरातफरीचा आरोप लिहिला आणि मोठ्या दिमाखात तीन वर्तमानपत्रांचे संदर्भ जोडले. एका सदस्याने चर्चा पानावर एकच ओळ टाकली: "तिन्ही बातम्यांत कंपनीचं नाव सारखंच चुकलंय." बघितलं तर खरंच, तेच अक्षर तिन्हीकडे गळलेलं. एका वृत्तसंस्थेची एकच बातमी तीन ठिकाणी छापून आली होती, आणि तिच्या बुडाशी होतं 'सूत्रांनी सांगितलं'. मुकाट्याने वाक्य काढलं. काही महिन्यांनी आरोपपत्र दाखल झालं तेव्हा परत घातलं. आरोप तोच होता, रक्कम मात्र बातमीतल्या रकमेच्या निम्मीही नव्हती.

लोक मला शपथपत्रांच्या पीडीएफ पाठवतात. "हा घ्या पुरावा, थेट कोर्टातला." तो वापरता येत नाही. शपथपत्र ही एका बाजूची बात असते. शिवाय शंभर पानांतली नेमकी कुठली चार वाक्यं महत्त्वाची, हे मी ठरवायला लागले तर मी संपादक राहत नाही, फिर्यादी पक्षाची वकील होते. घरचे पत्ते, फोन नंबर असतात त्यात, तो भाग आणखी वेगळा.

आणि संदर्भ चोख असला म्हणजे भागलं असंही नाही. मराठीत अन्याय क्रियापदातून होतो. एका पानावर बालपण, शिक्षण, कारकीर्द इथपर्यंत 'ते शिकले', 'त्यांनी संस्था काढली' असं व्यवस्थित चाललेलं. अटकेचा परिच्छेद आला आणि लगेच 'त्याला पकडलं', 'तो म्हणाला'. निकालाला अजून अवकाश होता, पण लिहिणाऱ्याने आदरार्थी बहुवचन काढून घेऊन शिक्षा सुनावून टाकली होती. बातम्यांत ही रीत इतकी मुरलेली आहे की खटकतही नाही. मी सगळीकडे 'ते' केलं, तर जाब आला, "गुन्हेगाराला अहो-जाहो करता?" माझं म्हणणं एवढंच, की पान पहिल्या ओळीपासून एकेरीत असतं तरी हरकत नव्हती, मध्येच पायरी उतरवू नका.

त्याच पानावरचं हे वाक्य: "अखेर त्याने पैसे घेतल्याची कबुली दिली, मात्र ते कर्ज असल्याचा कांगावा केला." मी केलं: "पैसे घेतल्याचं त्यांनी चौकशीत सांगितलं. ते कर्ज होतं, असं त्यांचं म्हणणं आहे." माहिती कणभरही कमी झाली नाही. गेले ते 'अखेर', 'कबुली', 'मात्र' आणि 'कांगावा'. तसंच 'कथित' एक वेळ चालतं, 'तथाकथित'मध्ये नाक मुरडलेलं असतं. 'विशेष म्हणजे'ने सुरू होणारं वाक्य दिसलं की मी आधी त्याचा संदर्भ उघडते.

दोन्ही बाजू शिव्या घालतात म्हणजे आपलं बरोबर चाललंय, असं काही जुने सदस्य म्हणतात. मला ते पटत नाही. आपण दोन्ही बाजूंनी चुकलेलो असू शकतो.

मला खरी धास्ती वाटते ती वेगळ्याच वाक्याची. अटकेची बातमी पहिल्या पानावर येते. सुटकेची आतल्या पानावर कोपऱ्यात, नाहीतर येतच नाही. त्यामुळे चरित्र अटकेपाशीच थांबून राहतं. म्हणून दर जानेवारीत मी माझ्या यादीतल्या पानांवर 'खटला सुरू आहे' हे शब्द शोधते आणि एकेक तपासते. यंदा अशी सहा वाक्यं निघाली. पाच खरोखरच सुरू होते. सहावा खटला चार वर्षांपूर्वीच मागे घेतला गेला होता. इतकी वर्षं हे वाक्य कुणी तसंच ठेवलं म्हणून चिडून पानाचा इतिहास उघडला. वाक्य माझंच होतं, संदर्भ अगदी नीट लावलेला.