फोटोवर दिलेला भाव

भोसरीत बुधवार हा सगळ्यात वाईट वार. गुरुवारी एमआयडीसीला सुट्टी, दुरुस्तीसाठी बऱ्याचदा लाईटही बंद, त्यामुळे ज्याला त्याला आपला माल बुधवारी संध्याकाळीच हवा असतो. त्या बुधवारी शाळेच्या बेंचच्या १२० फ्रेम टेम्पोत चढवायच्या होत्या. रंग साधा, ७०३५ नंबरचा फिकट करडा. भाव फ्रेममागे ९५ रुपये. हा भाव मी आठवडाभर आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या एका फोटोवरून दिला होता. हे लिहिताना अजूनही चिडचिड होते. बेंचच्या फ्रेम बनवून देणाऱ्या फॅब्रिकेटरवर कमी, माझ्यावर जास्त.

पावडर कोटिंगचं, म्हणजे लोखंडावर रंगाची कोरडी पावडर गनने मारून भट्टीत भाजायचं, हे शेड वडिलांनी टाकलेलं. मी भाव, बिलं आणि भांडणं बघते. टाक्या आणि भट्टी मामा बघतात. मामा म्हणजे सख्खे मामा नव्हेत. शेड उभं राहिलं तेव्हापासून आहेत म्हणून सगळ्यांचे मामा.

सकाळी साडेनऊला मामांनी पहिली ट्रॉली भट्टीत ढकलली आणि तेवढ्यात गेटवर रिक्षा थांबली. आतून सत्तरीचे एक गृहस्थ उतरले, मागून सायकलचा सांगाडा निघाला. चाकं नाहीत, सीट नाही, नुसती फ्रेम आणि पुढचा चिमटा. काळ्यावर निळा, निळ्यावर कोणीतरी ब्रशने मारलेला तपकिरी.

"बाटलीचा हिरवा करून हवाय. किती होतील?"

मी फ्रेम उलटीसुलटी करून बघितली. "अठराशे, काका."

त्यांनी ट्रॉलीवर लटकलेल्या करड्या बेंचकडे बोट दाखवलं. "आणि हे?"

कामावरच्या पोराने लगेच सांगून टाकलं, "पंच्याण्णव." या पोरांना गप्प बसायचा पगार वेगळा द्यावा लागेल.

"मॅडम, हा बेंच माझ्या सायकलपेक्षा मोठा आहे."

"आहे ना."

"सायकलला पावडर किती लागेल?"

"दीडशे ग्रॅम धरा."

"दीडशे ग्रॅमचे अठराशे? केशर मारताय काय?"

हा प्रश्न मला महिन्यातून चारदा तरी येतो, केशर पहिल्यांदाच आलं. काका पिंपरीच्या एका कंपनीतून टर्नर म्हणून रिटायर झालेले निघाले. टर्नरला गोल गोल उत्तर देऊन चालत नाही, म्हणून त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला आणि हिशोबच मांडला.

बेंचची फ्रेम म्हणजे एक इंची चौकोनी पाइप, एकूण वीस फूट. चारी बाजू धरल्या की पावणेसात चौरस फूट भरतात. ७० मायक्रॉनचा थर द्यायचा तर गणिताने ६५ ग्रॅम पावडर बसते. पण पाइप पडला बारीक. गनमधून निघालेली निम्मी पावडर पाइपाच्या आजूबाजूने निघून जाते. पावडर मारायची खोली, म्हणजे बूथ, ती ओढून घेतो, आम्ही चाळून परत वापरतो, तरी थोडी वाया जातेच. म्हणून ९० ग्रॅम धरते. घरात वापरायची मिक्स (इपॉक्सी-पॉलिस्टर) पावडर, २४० रुपये किलोची. म्हणजे पंच्याण्णवातली पावडर बावीस रुपयांची. बाकी सगळं टाक्या, गॅस, हूक आणि माणसं. त्यातून फ्रेममागे पंधरा रुपये सुटतात, तेसुद्धा १२० फ्रेम एकाच रंगाच्या, एकाच मापाच्या, कोऱ्या लोखंडाच्या आहेत म्हणून. सकाळी बूथ एकदा लावला की संध्याकाळपर्यंत कोणी हात लावत नाही.

"आणि माझी?"

तुमच्या सायकलवर तीन रंग आहेत, म्हटलं. ते काढल्याशिवाय पावडर धरणार नाही. आधी स्ट्रिपर लावायचा, मग खरवडायचं, नळ्यांच्या जोडांच्या (लगच्या) खोबणीत जे उरेल त्याला ब्लास्टिंग, म्हणजे हवेच्या जोराने खर मारून घासणं. पॅडलच्या बेअरिंगची आणि हँडलच्या कपांची जागा टेप लावून, बूच मारून बंद करायची; तिथे ७० मायक्रॉन चढले तर कप बसणार नाहीत. सायकल उन्हात फिरणार, म्हणजे प्युअर पॉलिस्टर पाहिजे. मिक्स पावडर उन्हात पांढरी पडते, हात फिरवला की चुना लागल्यासारखा बोटाला येते. शिवाय करडा संपल्यावर हिरवा मारायचा तर बूथ, गन, पाइप, हॉपर सगळं हवेने फुंकून पुसायचं. दोन माणसांचा एक तास. कुठे चिमूटभर करडी पावडर राहिली तर तुमच्या हिरव्यावर ठिपके दिसतील. आणि शेवटी भट्टी. ती २०० डिग्रीला आणायला गॅस तेवढाच लागतो, आत वीस फ्रेम असोत नाहीतर एकटी सायकल.

काका ऐकत होते. "म्हणजे पावडर फुकटच म्हणायची."

"जवळजवळ."

"पलीकडच्या गल्लीत कमी सांगतात."

सांगतात, हे मलाही माहीत आहे. आमच्याकडे सात टाक्या आहेत: तेल काढायची गरम टाकी, धुणं, गंज काढायचं ॲसिड, पुन्हा धुणं, पावडरला पकड देणारं फॉस्फेट, परत धुणं, शेवटी गंज रोखायचं पॅसिव्हेशन. एकाच केमिकलच्या फडक्याने पुसून ४० मायक्रॉन मारला तर भाव निम्म्यावर आणता येतो. पहिल्या दिवशी दोन्ही जॉब शेजारी ठेवा, कोणाला फरक कळणार नाही. एक पावसाळा गेला की वेल्डिंगच्या कडेने फुगे येतात आणि नखाने पापुद्रा निघतो. हे सगळं मी जरा ठसक्यातच सांगितलं. दोन तासांनी तो ठसका कुठे जाणार आहे ते माहीत असतं तर आवाज खाली ठेवला असता.

काका अठराशेला तयार झाले, पण उठेनात. "घरी काय करू? बघत बसतो."

बाराच्या सुमारास तिसरी ट्रॉली भट्टीत होती. मी ऑफिसात चलान लिहीत होते आणि आवाज आला. टायर फुटावा तसा, पण पत्र्याच्या डब्यात. पाठोपाठ काहीतरी भट्टीच्या आतल्या भिंतीवर आदळून खणखणलं. मामांनी धावत जाऊन बर्नर बंद केला. दार लगेच उघडू दिलं नाही, पाच मिनिटं सगळ्यांना लांब उभं केलं. दार उघडलं तेव्हा वाफेबरोबर ॲसिडचा आंबूस वास आला. तो वास भट्टीत कधीच यायला नको.

एका फ्रेमच्या पायाचं टोपण उडालं होतं. पाइपाचं तोंड बंद करायला एक इंची चौकोनी पत्री लावून वेल्ड करतात आणि ग्राइंडर फिरवून गुळगुळीत करतात, तीच ती. पाइपातून तांबूस पाणी बाहेर फेकलं गेलं होतं आणि आजूबाजूच्या फ्रेमवर, पावडर वितळत असतानाच, त्याचे ओघळ उमटले होते. तेरा फ्रेम गेल्या.

झालं काय होतं ते मामांना माझ्याआधी कळलं. त्यांनी मला टाकीपाशी नेलं आणि एक कोरी फ्रेम गरम टाकीत सोडली. ती बुडेचना. एक बाजू वर, होडीसारखी.

"ताई, सकाळपासून बांबूने दाबून बुडवतोय. म्हटलं हलका पाइप असेल."

दाबून धरल्यावर कोपऱ्यातल्या वेल्डिंगमधून बुडबुड्यांची बारीक माळ वर यायला लागली. सगळा खेळ त्या माळेत होता. फ्रेमची सगळी तोंडं बंद, पण वेल्डिंगला टाचणीएवढी छिद्रं. तेल काढायची टाकी ६०-७० डिग्रीची. त्यात आतली हवा तापून फुगते आणि छिद्रातून बाहेर पडते. लगेच फ्रेम गार पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि पाइप पाणी ओढून घेतो, पिचकारीसारखा. पुढच्या टाकीत थोडं ॲसिडही आत जातं. ते छिद्रातून निथळत नाही. नुसती हवा कोंडलेली असती तर दाब दीडपटीवरच गेला असता, पाइपाला काही झालं नसतं. पण पाणी कोंडलं तर २०० डिग्रीला वाफेचा दाब बाहेरच्या हवेच्या पंधरापट होतो, आणि ग्राइंडर मारून पातळ केलेलं वेल्डिंग तेवढं सोसत नाही. नशीब, दार बंद होतं.

मग मला घाम फुटला, कारण पहिल्या दोन ट्रॉलींमधल्या चाळीस फ्रेम तयार होऊन भिंतीला लागल्या होत्या. त्यांत पाणी असेल तर आज ना उद्या ते वेल्डिंगमधून झिरपणार आणि शाळेत मुलांच्या गणवेशाला गंजाचे डाग लागणार.

"हलवून बघा की," काका म्हणाले. ते कधी उठले मला कळलंच नव्हतं. त्यांनी एक फ्रेम कानाशी धरून हलवली, नारळ बघतात तशी. "ही कोरडी आहे." दुसरी. तिसरी हलवली आणि माझ्याकडे धरली. आत डुचमळत होतं.

त्यांनी आणि कामावरच्या पोराने चाळीसच्या चाळीस फ्रेम हलवून पाहिल्या. पाणी असलेल्या नऊ निघाल्या. आधीच्या तेरा धरून बावीस.

फॅब्रिकेटरला फोन लावला. तो म्हणाला, "मॅडम, माझा पाइप कोरडा होता. पाणी तुमच्या टाकीतलं." तांत्रिकदृष्ट्या बरोबर बोलत होता, म्हणून जास्त राग आला. बंद पाइपाला हवा यायला आणि पाणी जायला भोकं ठेवायची असतात, हे फॅब्रिकेशनचं साधं काम. त्याने ठेवली नव्हती. पण मी तरी कुठे विचारलं होतं? फोटोत मला चौरस फूट दिसले, मी चौरस फुटांचा भाव दिला. माल आला तेव्हा फ्रेम मोजून घेतल्या, उचलून एकीचंही तोंड बघितलं नाही.

उरलेल्या साठ फ्रेम टाक्यांतून निघून बूथसमोर लटकल्या होत्या, म्हणजे पाणी त्यांतही असणार. सगळ्या उतरवल्या. बैठकीच्या खालच्या अंगाला, कोणाला दिसणार नाही अशा जागी, फ्रेमला चार भोकं, ५ मिलिमीटरची. २४० भोकं. ड्रिल मशीन एकच होतं, दुसरं शेजारच्या शेडमधून मागून आणलं. एका पायातून कपभर पाणी निघालं. परत धुऊन, वाळवून, गंजाची झाक आलेल्यांना पुन्हा फॉस्फेट देऊन त्या बूथमध्ये जायला पाच वाजले.

खराब झालेल्या बावीस फ्रेमचा हिशोब वेगळाच. भाजून पक्की झालेली पावडर काढणं हे ती मारण्यापेक्षा महाग काम आहे. स्ट्रिपर, धुणं, पुन्हा सातही टाक्या, पुन्हा पावडर, पुन्हा गॅस, आणि उडालेल्या टोपणाचं वेल्डिंग. सगळं धरून फ्रेममागे २३० रुपये पडले. बावीस फ्रेमचे ५,०६०. संपूर्ण ऑर्डरमध्ये मला सुटणार होते अठराशे. आकडा वहीत लिहिला तेव्हा काका समोरच बसले होते. त्यांनी तो उलटा वाचला.

"म्हणजे माझ्या सायकलएवढेच?"

"हो काका. एकशे वीस बेंच मिळून तुमची एक सायकल."

फॅब्रिकेटरशी संध्याकाळी अर्ध्यावर तुटलं. २,५३० त्याचे, २,५३० माझे. वडील म्हणाले, पूर्ण घ्यायला हवे होते. मला तसं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही. रात्री नऊला ९८ फ्रेम टेम्पोत चढल्या, बावीस शनिवारी गेल्या.

सायकल त्या दिवशी झालीच नाही. शुक्रवारी स्ट्रिपर लावला तेव्हा वरच्या दांडीत लांबी (पुट्टी) भरलेली निघाली. जुना पोचा होता, कोणीतरी गाड्यांची लांबी भरून वरून रंग मारला होता. ही लांबी २०० डिग्रीला टिकत नाही, पावडरखाली फुगते. काकांना फोन केला: पोचा काढायचा तर पितळ भरावं लागेल, चारशे रुपये जास्तीचे. त्यांनी विचारलं, "पोचा तसाच ठेवला तर?"

"तर काही नाही. दिसेल फक्त."

"मग दिसू दे. आणि काय गं पोरी, माझ्या पाइपाला भोकं आहेत ना?"

होती. सायकलच्या नळ्या आतून पॅडलच्या बेअरिंगपाशी उघड्या असतात, पाणी तिथून सरळ निघून जातं.

त्यानंतर मी चलानवर मारायला शिक्का करून घेतला: बंद पाइपाला भोक नसल्यास माल उतरवला जाणार नाही. फोटोवर भाव अजूनही देते, त्याशिवाय धंदा होत नाही. पण आधी पाइपाच्या तोंडाचा फोटो मागते.

दोन महिन्यांनी त्याच फॅब्रिकेटरचे आणखी ८० बेंच आले. टेम्पोवाल्याने आल्या आल्या सांगितलं, "शेठनी निरोप दिलाय, भोकं पाडलीत." मी चलान घेऊन बाहेर आले. मामांनी एक फ्रेम उचलून हुकाला लटकवली, मान वाकडी करून खालून बघितलं, वरून बघितलं.

"ताई, भोक आहे," मामा म्हणाले. "पण एकच आहे, अन् तेबी वरच्या अंगाला."