गाडी थांबली की एसी कोमट

गेल्या महिन्यात माझ्या गाडीचा एसी वारा भरपूर देत होता, पण त्यात गारवा नव्हता. आणि अशा वेळी बहुतेक जण काढतात तोच निष्कर्ष मीही काढला, की गॅस संपला. वस्तुतः ही बंदिस्त यंत्रणा असल्यामुळे गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे होय.

सुदैवाने गॅरेज गाठण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात आली: वेगात धावताना हवा बऱ्यापैकी थंड येई आणि सिग्नलला उभे राहताच कोमट होई. हा फरक फार बोलका असतो. कंप्रेसरने दाबलेला तप्त वायू रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता सोडून द्रवरूप होतो. गाडी धावत असताना ही उष्णता समोरचा वारा वाहून नेतो, थांबल्यावर मात्र ते काम कंडेन्सरजवळच्या पंख्यालाच करावे लागते. बॉनेट उघडून, हात दूर ठेवून एसी सुरू करून पाहिला, तेव्हा कंप्रेसरला इंजिनाशी जोडणारा क्लच 'टक्' असा आवाज करून गुंतला, परंतु पंखा निश्चल होता. फ्यूज शाबूत निघाला. रिले, म्हणजे पंख्याचा वीजप्रवाह चालू-बंद करणारा स्विच, जळालेला होता. तो बदलताच पंखा फिरू लागला. कंडेन्सरमध्ये अडकलेली धूळ आणि किडेही मी पाण्याच्या हलक्या धारेने धुऊन काढले, कारण जोराच्या फवाऱ्याने त्याच्या पातळ पट्ट्या वाकतात.

वाराच कमी येत असता, तर मी आधी केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत येणारी हवा गाळणारी जाळी, काढून पाहिला असता. पण ते दुखणे वेगळे.