ट्रॅक डेला जाताय? आधी ब्रेक ऑइल बदला

पुढच्या शनिवारी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर माझा पहिला ट्रॅक डे आहे, म्हणजे आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायचा दिवस. गाडी नेहमीचीच स्विफ्ट, रोज मुलुंड ते अंधेरी करणारी, हीच घेऊन बाराशेहून जास्त किलोमीटर जायचंय आणि हीच घेऊन परत पण यायचंय. मित्र सगळे एअर फिल्टर नि एक्झॉस्टचंच सांगत होते. भांडुपच्या आमच्या मेकॅनिकदादांनी बॉनेट उघडलं, ब्रेक ऑइलच्या डबीवर टॉर्च मारला आणि म्हणाले, "आधी हे बदल, मग बाकीचं बोलू."

पटलं मला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडची दमट हवा, त्यात चार महिने पाऊस, मग काय. नवीन डॉट 4, म्हणजे ब्रेक ऑइलचा एक ग्रेड, किमान 230 डिग्रीपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की हाच आकडा 155 पर्यंत खाली येऊ शकतो. ट्रॅफिकमध्ये हे कधी कळतच नाही. पण ताशी 60 वरून थांबताना जेवढी उष्णता तयार होते त्याच्या चौपट 120 वरून होते, आणि ट्रॅकवर हे दर लॅपला, परत परत. ऑइल उकळलं की त्यात बुडबुडे होतात, पेडल पार तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. मला याचीच खरी भीती वाटते.

रविवारी ऑइल बदलायला बिल्डिंगखाली बसलो. बाबा सीटवर, मी मागच्या डाव्या चाकापाशी. "बाबा, दाबा... धरून ठेवा... सोडा." पारदर्शक नळीतून बिसलेरीच्या बाटलीत आधी कटिंग चहासारखं काळपट ऑइल आलं, मग हळूहळू फिकट, मधाच्या रंगाचं. चारही चाकं होईपर्यंत दोन तास गेले, बाबांचा पाय दुखला पण उठले नाहीत.

पुढचे ब्रेक पॅड नवीन टाकलेत. चाकांचे नट टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने, आवळले. टायरची हवा तिथे सेशन संपल्या संपल्या बघायची, गरम झाली की प्रेशर वाढतं. आणि हो, सेशननंतर ब्रेक तापलेले असतात, तेव्हा पार्क करताना हँडब्रेक ओढायचा नाही, गिअरमध्ये ठेवायची. पॉलिसी पण वाचा, नेहमीच्या इन्शुरन्समध्ये रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग धरत नाहीत.

मॅट, छत्री, बाटल्या, सुटं सगळं बाहेर काढलं, पेडलखाली काही घरंगळत आलं तर संपलंच. डॅशबोर्डवरचा गणपती आईने स्वतः सोडवून देवघरात नेऊन ठेवला. टेपचा चौकोनी डाग तसाच राहिलाय, तो पुसू नकोस म्हणाली, आल्यावर तिथेच बसवायचाय.