वाईच्या कार्डाचं साल लागलं एकदाचं!

मंडळी, घरच्या जुन्या पत्रांत वाईहून आलेलं एक मोडी पोस्टकार्ड सापडलंय, त्यावर साल कोणतं हेच कळत नव्हतं. मृत्यूची बातमी म्हणून कोपरा फाडलेलं, "आबांस आश्विन वद्य नवमीस देवाज्ञा झाली" वालं. असलं कार्ड वाचून लगेच फाडून टाकायची पद्धत, पण आमच्याकडे कुणीतरी ते बाकीच्या पत्रांबरोबर तारेत ओवलं आणि भोक पडलंय नेमकं पोस्टाच्या शिक्क्यातल्या सालावर. ३१ ऑक्टोबर स्वच्छ दिसतंय, पुढे भोक, मग ८. आणि लिहिणाऱ्याने शक घालायचा कंटाळा केलाय.

स्कॅनिंगच्या ॲपने तर शाईच पुसून कागद गोरापान करून दिला, त्यापेक्षा टॉर्च आडवा धरून काढलेला साधा फोटो शंभर पटीने बरा. पण भोकात काय दिसणार, कप्पाळ!

शेवटी जुनं पंचांग घेऊन बसलो. १९०८ आधीच बाद, कार्डाच्या छापील तिकिटावर पंचम जॉर्ज आहे, तो नंतरचा राजा. १९२८ ला दिवाळीची अमावास्या १२ नोव्हेंबरला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला वद्य नवमी उजाडलीच नव्हती, मग माणूस जायच्या आधीच पत्र पेटीत कसं पडेल? १९१८ ला मात्र अमावास्या ३-४ नोव्हेंबरची, नवमी शिक्क्याच्या दोन-तीन दिवस आधी. चपखल! वर कार्ड पाव आण्याचं, जादा तिकीट नाही, आणि १९२२ पासून दर अर्धा आणा झालेला. झोप उडाली राव आनंदाने.

म्हणजे घरात "आबा प्लेगात गेले" म्हणतात ते बहुतेक मानमोडीत (इन्फ्लुएंझाच्या साथीत) गेले, ऑक्टोबर १९१८ म्हणजे साथ ऐन भरात होती.

आता घोडं अडलंय ते आबा कोणते यावर, पणजोबांचे वडील की थोरले चुलते, दोघांनाही आबाच म्हणायचे. पुढच्या महिन्यात त्र्यंबकेश्वरला उपाध्यांची वंशावळीची वही बघायचा बेत होता, पण हे टाइप करतानाच डोक्यात आलं की साल-महिना हातात आहे तर आधी कोतवाल बुकच का नाही मागायचं? गाव नमुना १४, तहसीलच्या रेकॉर्ड रूममधे, मृत्यूच्या नोंदी नावानिशी. तेही मोडीत, आणि त्या महिन्याची पानं गच्च भरलेली असणार, पण मोडी वाचून देणारे लोक पानामागे जे पैसे सांगतात ते ऐकून मीच वाचणार आहे. त्र्यंबक मग नंतर.

आणि कार्ड लॅमिनेट करू का विचारणाऱ्यांना, अजिबात नको, प्लीज.

कोतवाल बुकाच्या नकलेसाठी अर्ज कुणी केला असेल तर नमुना टाका इथे.