आठशे फूट, फुफाटा

जळगावातल्या एका दिवाळी अंकाचा कवितांचा विभाग मी बघतो. यंदा विषय होता पर्यावरण, आणि टेबलावर दीडशेच्या वर कविता. निम्म्यांत झाड रडत होतं, उरलेल्यांत धरणीमाय. वाचून वाचून मीही रडकुंडीला आलो होतो. श्रावण लागून आठवडा झाला होता, बाहेर ऊन रणरणत होतं. बालकवी इथल्याच धरणगावचे, १८९०चा जन्म. त्यांच्या हिरवळीची नक्कल अजून चालू आहे, शेतात दुबार पेरणी असली तरी.

तेवढ्यात रावेरकडचे एक केळीवाले आले. सदऱ्यावर चिकाचे काळे डाग. ते कशानंही निघत नाहीत. खिशातून बोअरवाल्याचं बिल काढलं.

"भाऊ, मले कविता-बिविता समजत नाही. मी बोलत होतो, पोरीनं लिहून घेतलं."

बिलाच्या पाठीवर चार ओळी होत्या:

१९९४, दीडशे फूट. पानी गोड.
२००६, साडेतीनशे. पानी होतं.
२०१३, साडेपाचशे. मोटार आत राह्यली.
२०१९, आठशे. फुफाटा.

मी दोनदा वाचलं. सातपुड्याच्या पायथ्याचा तो गोटाड पट्टा पाऊस पटकन जिरवतो, पण केळीला पाणी वर्षभर लागतं आणि जिरतं त्याहून उपसा जास्त. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं कौतुक आम्हीच अंकात छापलं होतं. पाण्याबद्दल तेव्हा एक ओळ नव्हती.

असोद्याच्या बहिणाबाईंनाही लिहिता येत नव्हतं. त्यांच्या ओळी मुलानं टिपून घेतल्या म्हणून उरल्या. पुस्तक निघालं १९५२ साली, त्या गेल्यावर. हे माहीत असूनही माझी संपादकी खाज गेली नाही. म्हटलं, "शेवटी एखादी आशेची ओळ टाकू या का?"

ते जरा विचारात पडले. "म्हंजे नवा बोअर?"

मी गप्प बसलो. पेन खाली ठेवलं.

"घेतली," म्हटलं, "जशीच्या तशी."

"घ्या. पन कागद मले परत लागंन, भाऊ. बोअरवाल्याचं देनं बाकी हाये."

खाली झेरॉक्सच्या दुकानात गेलो. पाठीमागची बिलाची बाजूही काढून घेतली, का ते मलाही सांगता येणार नाही. दोन्हीकडे चिकाचे डाग अक्षरांपेक्षा गडद उमटले. पैसे त्यांनी मला देऊ दिले नाहीत.